घड्याळ ड्रायव्हरच्या मानेवर, खोळंबा गोदामाचा

ट्रक ड्रायव्हरच्या कामाच्या तासांवरच्या नियमांबद्दल मी लेख लिहिला, त्यावर तुम्ही लिहिलंत, 'एसीत बसून नियम करणाऱ्यांनी एकदा रात्रभर ट्रक चालवून बघावा. झोप कधी येते ते ड्रायव्हरला कळतं, सरकारला नाही. त्या मशिनीमुळे अपघात तर कमी झाले नाहीतच, उलट ड्रायव्हर गाड्या पळवायला लागले.'

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. अमेरिकेत डिसेंबर २०१७ पासून ट्रकमध्ये कामाच्या तासांची नोंद करणारं यंत्र सक्तीचं झालं. ते इंजिनलाच जोडलेलं असतं, चाक फिरलं की नोंद होते. मी लेखात त्याचं कौतुक करून मोकळा झालो. पण सक्तीनंतरच्या एका अभ्यासात अपघात घटल्याचं दिसलं नाही, आणि छोट्या वाहतूकदारांच्या गाड्या वेगमर्यादा मोडताना जास्त सापडायला लागल्या. हे लेखात यायला हवं होतं.

असं का झालं? तिथला नियम असा: सलग १० तास विश्रांती झाली की पुढे ११ तास गाडी चालवता येते, पण कामावर आल्यापासून १४ तासांच्या आत. समजा, ड्रायव्हर सकाळी सहाला गोदामात हजर झाला. माल चढवायचा धक्का रिकामा नाही, माल तयार नाही, नंबर लागता लागता अकरा वाजले. रात्री आठला त्याची मुदत संपते. (केबिनमधल्या बर्थवर झोपण्याच्या काही सवलती आहेत, पण गोदामाच्या रांगेत कोण झोपणार?) पगार मैलांवर, म्हणजे त्या पाच तासांचे बहुतेकदा काहीच मिळत नाही. मग तो बुडालेला वेळ ॲक्सिलरेटरवर वसूल करतो.

मात्र 'झोप कधी येते ते ड्रायव्हरला कळतं' हे मला पटत नाही. डुलकी लागली हे कळतं ते डोळे उघडल्यावर. ताशी ८० किलोमीटरने चाललेला ट्रक चार सेकंदांत जवळजवळ ९० मीटर जातो. आणि ड्रायव्हरवर सोपवून पाहिलेलं आहेच की! यंत्राआधी कागदी लॉगबुक होतं. चोवीस तासांची चौकट, चार आडव्या ओळी: सुट्टी, बर्थवर झोप, ड्रायव्हिंग, इतर काम. पट्टी घेऊन त्याने स्वतःच रेघ ओढायची. ड्रायव्हर मंडळीच त्याला 'कॉमिक बुक' म्हणायची. हौस म्हणून कोणी खोटी रेघ ओढत नव्हतं; नाही म्हटलं तर पुढची खेप दुसऱ्याला जायची. 'ड्रायव्हरला ठरवू द्या' म्हटलं की शेवटी ठरवतो तो मालाचा धनी.

माझी तक्रार वेगळी आहे. १९३८ च्या अमेरिकी कामगार कायद्याने ओव्हरटाइमच्या हक्कातून ट्रकवाल्यांना वगळलं, आणि तास मोजायचे तेही त्यांचेच. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! युरोपचा २००६ चा नियम साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती सांगतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. सुरक्षितता धोक्यात येईल अशा रीतीने अंतरावर पगार किंवा बोनस द्यायला वाहतूक कंपनीला बंदी आहे, आणि माल पाठवणाऱ्यानेही या तासांत बसेल असंच वेळापत्रक ठरवायचं आहे. ऑस्ट्रेलियाच्या बऱ्याच भागात तर माल भरणारा आणि उतरवून घेणाराही जबाबदारीच्या साखळीत येतो.

लेखातला यंत्राचा परिच्छेद दुरुस्त करतोय. यंत्र काढा असं मात्र लिहिणार नाही. सहा ते अकरा गाडी गोदामाबाहेर उभी होती, याचा ड्रायव्हरच्या हातातला पुरावा आता तेच आहे.