माळकरी आत्या, अंडं आणि चौदाशेची पावडर

मंगळवारी सकाळी साडेनऊला मिरजेहून आतेभावाचा फोन. ‘‘आई घामाघूम झालीये, हात थरथरतायत, काहीतरीच बोलतेय.’’ शेजारी एक नर्सबाई राहतात म्हणून बरं. त्यांनी बोट टोचून पाहिलं तर साखर ५८. साखरेचं पाणी पाजलं, अर्ध्या तासात आत्या भानावर आली आणि म्हणाली काय, तर ‘‘नाश्ता केला नाही ना मी, मोबाईलवर तसं आलं होतं.’’

आत्या ७१ वर्षांची. अकरा वर्षं मधुमेहाची गोळी चालू आहे. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे अंडं घरात येण्याचा प्रश्नच नाही. मेसेज आला तो भजनी मंडळाच्या ग्रुपवर! वर ‘डॉक्टरांनी सांगितलेलं सत्य’ असा मथळा, कुठल्या डॉक्टरांनी ते नाही. खाली सहा मुद्दे: अंड्याशिवाय नाश्त्यात प्रथिनं नसतातच, डाळीची प्रथिनं अपूर्ण, म्हणून अंगाला लागत नाहीत, मोड आले की कडधान्यातली प्रथिनं संपतात, पोहे, उपमा, साबुदाणा म्हणजे नुसती साखर, शेंगदाण्यानं कोलेस्टेरॉल वाढतं, आणि सहावा, ‘अंडं चालत नसेल तर सकाळी उपाशी राहिलेलं बरं, नाहीतर प्रोटीन पावडर घ्या.’

सहाव्यापासूनच सुरू करते, कारण घात त्यानं केला. मधुमेहाच्या काही गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न असो-नसो, गोळी आपलं काम करते. अशी गोळी घेऊन माणूस उपाशी बसला की रक्तातली साखर घसरत जाते, आणि म्हाताऱ्या माणसाला ती घसरतेय हे बरेचदा वेळेवर कळतही नाही. आत्यानं साडेसातला गोळी घेतली, बिनसाखरेचा अर्धा कप चहा घेतला आणि पोथी वाचायला बसली. इतकी वर्षं ती गोळीनंतर थालीपीठ नाहीतर धिरडं खात होती, काही झालं नव्हतं. ‘उपाशी राहिलेलं बरं’ हे वाक्य ज्यानं लिहिलं त्याला वाचणारा कोण, त्याची गोळी कोणती, याची काडीची फिकीर नव्हती. तुमच्या घरात कुणी अशी गोळी घेत असेल आणि नाश्ता बदलायचा किंवा सोडायचा विचार असेल, तर आधी गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. मला नको आणि ग्रुपला तर मुळीच नको.

आता पहिला मुद्दा, प्रथिनं नसतातच म्हणे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले. देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून ५२८ पदार्थ तपासले. माझी सगळी मदार याच तक्त्यांवर आहे, फॉरवर्डची कशावर आहे देव जाणे. तक्त्यात १०० ग्रॅममागे अंड्यात १३ ग्रॅम प्रथिनं, मुगाच्या डाळीत जवळजवळ २४, हरभरा डाळीत २१-२२, मटकीत २० च्या आसपास, शेंगदाण्यात २३-२४. डाळ कोरडी आणि अंड्यात पाणी, तेव्हा ही तुलना सरळ नाही, हे कबूल. म्हणून ताटातलाच हिशेब करू. अर्धी वाटी मूगडाळ, म्हणजे ५०-६० ग्रॅम, रात्री भिजत घाला. सकाळी आलं, मिरची, जिरं घालून वाटा आणि तव्यावर पसरा. त्यात १२ ते १४ ग्रॅम प्रथिनं होतात, म्हणजे दोन अंड्यांइतकी. अंड्याची जास्त चांगली पचतात हे खरं, पण अंड्यात चोथा अजिबात नसतो आणि डाळीत तो भरपूर. धिरडं खाल्लं की अकरा वाजता डब्याकडे हात जात नाही, त्याला हा चोथाही कारण आहे.

मोडांच्या मुद्द्यावर मात्र मला हसू आलं. हा शोध कसा लागला असेल तेही लक्षात आलं. १०० ग्रॅम कोरडी मटकी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणा आणि परत तोला. वजन दुपटीच्या वर जातं. आत शिरलं ते पाणी. आधीची २० ग्रॅम प्रथिनं आता त्या मोठ्या ढिगाऱ्यात विखुरली, म्हणून मोड आलेल्या मटकीच्या १०० ग्रॅमचा आकडा लहान दिसतो. कुणीतरी हे दोन आकडे शेजारी मांडले आणि ‘प्रथिनं संपली’ असा निकाल दिला! या न्यायानं पातळ वरणात आणखी तांब्याभर पाणी ओतलं की डाळच नाहीशी व्हायला हवी. उलट मोड आले की कडधान्य पचायला सोपं जातं. कोल्हापूरच्या एखाद्या मिसळवाल्यासमोर उभं राहून ‘तुमच्या मटकीत काही नसतं’ म्हणून दाखवा, मी लांबून बघते. (कटावरच्या तर्रीबद्दल मी काही बोलणार नाही. रोज तेवढं तेल पोटात घालू नये, बस.)

‘अपूर्ण’ प्रथिनं. शब्द जुना आहे आणि अर्धा खरा आहे. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात. त्यांतलं लायसिन धान्यांत कमी असतं, डाळींत ते भरपूर. डाळींत मिथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ते धान्य भरून काढतं. दोन्ही एकाच घासात हवीत असंही नाही, दिवसभरात पोटात गेली तरी चालतं. आणि आपल्याकडे ती एकाच घासात जातातच. आत्याचा भाजणीचा डबा उघडा: ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे. सगळं वेगवेगळं मंद आचेवर भाजायचं, उडीद जळू द्यायचा नाही, यावरून तिनं माझ्या आईशी तीस वर्षं वाद घातलाय. तिच्या प्रमाणानं १०० ग्रॅम भाजणीत १४-१५ ग्रॅम प्रथिनं सहज बसतात. म्हणजे दोन जाड थालीपिठं. वर वाटीभर दही. ज्याला थापायचा कंटाळा त्यानं मोकळ भाजणी करावी, दहा मिनिटांचं काम.

पोह्यांबद्दल नाइलाजानं थोडं मान्य करावं लागेल. पोह्यांत १०० ग्रॅममागे प्रथिनं सात-साडेसातच. एका बशीत ५०-६० ग्रॅम पोहे असतात, म्हणजे चारेक ग्रॅम. म्हणून पोहे खाल्ले की मला तासा-दीड तासात भूक लागते. ते साखर नव्हेत, पण एकटे पुरतही नाहीत. मूठभर शेंगदाणे घाला नाहीतर शेजारी मटकीची उसळ घ्या. तांदळाच्या घावनाचंही तसंच, आंबोळीत निदान उडीद असतो. आणि साबुदाणा? त्याची बाजू घ्यायला मी उभी राहणार नाही. नुसतं पिठूळ, प्रथिनं जवळजवळ शून्य. खिचडीला जी काही अब्रू आहे ती दाण्याच्या कुटामुळे.

शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल नसतं. कुठल्याच वनस्पतीत खाण्याच्या हिशेबानं ते धरण्याइतकं नसतं. उष्मांक भरपूर असतात, तेव्हा मुठीनं खा, वाडग्यानं नको.

फॉरवर्डला एक खरा मुद्दा सापडू शकला असता, तो मात्र त्यात नाही. बी-१२ जीवनसत्त्व. अंड्यात ते असतं, डाळीत नसतं. शाकाहारी माणसाला दूध-दह्यातून जेवढं मिळेल तेवढंच, आणि ते बरेचदा कमी पडतं. मधुमेहावर मेटफॉर्मिन चालू असेल तर आणखी कमी होऊ शकतं. तेव्हा रक्त तपासून घ्यावं आणि डॉक्टर सांगतील ती गोळी घ्यावी. मी स्वतः आठवड्यातून तीन-चारदा अंडी खाते, माझं अंड्याशी वैर नाही.

राहिली पावडर. फॉरवर्डच्या तळाशी फोन नंबर होता, त्यावरून सगळा उलगडा व्हावा. आत्यानं मुलाला न सांगता एक डबा मागवला, चौदाशे रुपयांचा. रविवारी मी मिरजेला गेले तेव्हा तो ओट्यावर भाजणीच्या जागी होता आणि भाजणीचा डबा वरच्या फळीवर, जिथे तिचा हात पोचत नाही. लेबल वाचलं. घटकांत दुसऱ्याच क्रमांकावर साखर. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापतात हे तिला सांगितलं, तेव्हा तिनं चष्मा लावून स्वतः पाहिलं आणि देवाचं नाव घेतलं.

मी भाजणी खाली काढली, तिनं थालीपीठ थापलं, मधे भोक पाडून तेल सोडलं. आम्ही खात बसलो. तिसऱ्या घासाला म्हणाली, ‘‘पण चौदाशे रुपये गेलेत गं. थोडी थोडी भाजणीत मिसळून संपवू का?’’