वहिनी, हा नको!

साडीच्या दुकानात गेलं की दुकानदार म्हणतो, "घ्याच ताई, तुमच्यासाठीच आलीय." भाजीवाला कालची मेथी आज पहाटेची म्हणून खपवतो. गिऱ्हाईक समोर उभं आहे, हातात नोट काढलेली आहे आणि तरी "हा नको" असं म्हणणारा दुकानदार मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या गल्लीतले व्हिडिओ लायब्ररीवाले अण्णा.

"वहिनी, हा नको. इंटर्व्हलपर्यंत बरा आहे, पुढचं डायरेक्टरलाच कळलेलं नाही."

"पण मला बघायचाय."

"सासूबाई गावाला गेल्यात?"

"नाही, घरीच आहेत."

"मग तर नकोच."

विषय संपला. कॅसेट परत फळीवर.

१९९१ साली लग्न होऊन मी डोंबिवलीत आले, तेव्हा आमच्याकडे सासूबाई होत्या, कलर टीव्ही होता आणि भावजींनी दुबईहून आणलेला व्हीसीआर होता. त्याला क्रोशाचं कव्हर होतं. अण्णांचा गाळा दहा बाय बाराचा. तीनशे रुपये डिपॉझिट, दिवसाला दहा रुपये भाडं, रिवाइंड न करता आणली तर दोन रुपये दंड. कॅटलॉग म्हणजे एक फुलस्केप वही. त्यात प्रत्येक नावापुढे पेन्सिलीनं अक्षर लिहिलेलं असे. 'फॅ' म्हणजे फॅमिली, 'र' म्हणजे रडका, 'मा' म्हणजे मारामारी. काही नावांपुढे 'वि' होतं. त्याचा अर्थ लावायला मला चार वर्षं लागली. 'विचारून द्यावा'. कोणाला विचारून, ते अण्णा गिऱ्हाईक बघून ठरवत. माझा मुलगा दहावीत गेल्यावर त्याला त्यांनी वर्षभर एकही सिनेमा दिला नाही. "मार्चनंतर ये," म्हणाले. मी त्यांना तसं सांगितलेलं नव्हतं. आजूबाजूच्या सगळ्या दहावीवाल्यांना हाच नियम होता, त्यामुळे क्लासेसच्या जाहिरातीत झळकलेल्या निम्म्या फोटोंचं श्रेय खरं तर अण्णांचं.

त्या काळातलं खरं संकट म्हणजे लाइट जाणं. लाइट गेली की व्हीसीआर कॅसेट पोटात घेऊन बसायचा. सकाळी नऊला ती परत द्यायची, आणि वीज मंडळ काही बोलायला तयार नाही. एकदा आमचे हे अख्खा व्हीसीआरच पिशवीत घालून अण्णांकडे घेऊन गेले होते. त्यांच्याही गाळ्यात लाइट नव्हती. मग दोघं व्हीसीआर मध्ये ठेवून चहा पीत बसले.

पुढे व्हीसीडी आल्या. एका सीडीत ७४ ते ८० मिनिटं मावायची आणि आपला हिंदी सिनेमा पडला तीन तासांचा, म्हणजे एका सिनेमाच्या दोन, नाहीतर तीन सीड्या. आमच्या घरातल्या सगळ्यात जुन्या भांडणाचं मूळ या हिशेबात आहे. मार्च २००४ मध्ये सासूबाईंसाठी मी एक 'र' आणला. पहिली सीडी संपली तेव्हा नायिका निळी साडी नेसून, कडेवर तान्हं पोर घेऊन, भर पावसात घराबाहेर पडली होती. मी दुसरी सीडी घ्यायला हात घातला तर ती जागेवर नाही. पलंगाखाली, देव्हाऱ्यामागे, पिठाच्या डब्यात, सगळीकडे शोधली. ह्यांचा माझ्यावर संशय, माझा मुलावर. सासूबाई तेवढ्या शांत होत्या. त्या दिवसांत त्यांचं कबुतरांशी युद्ध चालू होतं. गॅलरीत चकचकीत काही टांगलं की कबुतरं येत नाहीत असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, आणि त्या सुतळी आणि जुन्या सीड्या घेऊन त्याच कामात होत्या.

ती नायिका अजून पावसातच आहे. "त्या पोरीचं पुढे काय झालं असेल गं?" हा प्रश्न सासूबाई गेली वीस वर्षं दर पावसाळ्यात विचारतात.

अण्णांना पर्याय आधीपासूनच होते. केबलवाल्याचा स्वतःचा चॅनेल होता. त्यावर रात्री नवा सिनेमा लागायचा आणि नायक मरायला टेकला की नेमकी त्याच्या छातीवरून "मूळव्याधीवर खात्रीशीर इलाज, स्टेशनसमोर" अशी पट्टी सरकायची. स्टेशनच्या जिन्याखाली तीस रुपयांत सीडी मिळे, ती थेट थिएटरात कॅमेरा लपवून काढलेली. तीत मध्येच एक माणूस उठून पडद्यासमोरून जायचा. पुढे लक्षात आलं की वेगवेगळ्या सिनेमांत तोच माणूस उठतो. त्याला बहुधा मधुमेह असावा. नंतर भाच्यानं पेन ड्राइव्हमध्ये चाळीस सिनेमे भरून दिले. टीव्हीनं एकोणचाळीस ओळखले नाहीत, आणि चाळिसावा भाच्याच्या मुंजीचा निघाला.

या सगळ्यांना अण्णा पुरून उरले. गाळ्यात आधी झेरॉक्स आलं, मग लॅमिनेशन, मग मोबाइल रिचार्ज, आणि लायब्ररी आक्रसत आक्रसत मागच्या एका रॅकवर गेली. जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स भारतात आलं, तेव्हा अण्णा नुसते हसले. "महिन्याला पाचशे कोण देणार? इथे दोन रुपये दंडावरून भांडणं होतात." सप्टेंबरात जिओ आलं आणि अण्णांचं हसणं थांबलं. फुकट डेटाची ती सिमं घ्यायला लोकांनी रांग लावली ती त्यांच्याच गाळ्यासमोर. "आपल्या मयताचं सामान आपणच विकायचं," असं म्हणत ते आधार कार्डांच्या झेरॉक्स काढत होते. झेरॉक्सचे दोन रुपये मात्र सोडले नाहीत.

शेवटी लायब्ररी बंद पडली ती २०२४ मध्ये, बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली म्हणून. डोंबिवलीत हल्ली माणसापेक्षा बिल्डिंगचं आयुष्य कमी आहे. मी डिपॉझिट मागायला गेले. अण्णांनी वही उघडली.

"वहिनी, मार्च २००४. दोन नंबरची सीडी येणे."

"अण्णा, अहो, वीस वर्षं झाली!"

"तेच म्हणतोय. रोजचे पाच धरले तर छत्तीस हजार पाचशे. लीप वर्षं सोडून दिलीत."

मग त्यांनी गल्ल्यातून तीनशे रुपये काढून माझ्या हातावर ठेवले आणि रॅककडे बोट दाखवलं. "रद्दीवाला यायच्या आत हव्या त्या घेऊन जा." मी पिशवीत दहा-बारा डीव्हीडी भरल्या. निघताना अण्णांनी पिशवीत हात घालून त्यातली एक काढून घेतली. "हा नको."

आमचा डीव्हीडी प्लेअर बंद पडून बरीच वर्षं झालीत. त्यावर आता सेट टॉप बॉक्स ठेवलेला असतो.

बंगळुरूहून मुलगा फोनवर माझी समजूत काढत होता. म्हणाला, "आई, नेटफ्लिक्सनंसुद्धा सुरुवातीला पोस्टानं डीव्हीडीच पाठवल्या. २०२३ मध्ये त्यांनीही ते बंद केलं. आणि अमेरिकेत ओरेगॉनमध्ये बेंड नावाच्या गावात ब्लॉकबस्टर या व्हिडिओ लायब्ररीच्या साखळीचं शेवटचं दुकान अजून चालू आहे." म्हटलं, छान. शनिवारी रात्री जाऊन येईन, सकाळी नऊला परत द्यायला पुन्हा जाईन.

मग त्यानं त्याचा पासवर्ड दिला. आता आमचा शनिवार असा असतो. जेवणं आटोपून साडेआठला टीव्ही लावला की टीव्ही सांगतो, हा टीव्ही या कुटुंबाचा भाग नाही. "हा कोण ठरवणार?" सासूबाई विचारतात. रास्त प्रश्न आहे. मग मुलाला कोड जातो, तो पंधरा मिनिटंच चालतो, आणि मुलगा सोळाव्या मिनिटाला फोन उचलतो. आत शिरल्यावर "तुमच्यासाठी खास" म्हणून सगळ्या तुर्की मालिका येतात, कारण एकदा हे रिमोट पोटावर ठेवून झोपले आणि एका तुर्की मालिकेचे नऊ भाग आपोआप पुढे गेले. तेव्हापासून आम्ही तुर्की आहोत अशी टीव्हीची पक्की समजूत आहे. तासभर नुसते फोटो सरकवायचे. "हा?" "नको, खून आहे." "हा?" "पाहिलाय बहुतेक." अण्णा हे काम अर्ध्या मिनिटात करायचे आणि वर सुटे पैसेही मागायचे.

गेल्या शनिवारी बाहेर पाऊस होता, त्यामुळे सासूबाईंना ती पोर आठवली. "आता सगळं मिळतं म्हणता ना? मग तो शोधा." नाव कोणालाच आठवेना. ह्यांनी रिमोटचं माइकवालं बटण दाबलं आणि सासूबाईंनी खणखणीत आवाजात सांगितलं, "निळी साडी, पाऊस, कडेवर पोर." टीव्हीनं पैठणीचे तीन व्हिडिओ, कोकणातला हवामान अंदाज आणि बाळाला मालिश कशी करावी हे दाखवलं. सासूबाईंनी मालिश पूर्ण बघितली. "चुकीची करतेय," म्हणाल्या.

साडेदहाला मी न राहवून अण्णांना फोन केला. ते आता बदलापूरला मुलीकडे असतात.

"निळी साडी ना? चारशे बारा नंबर," पलीकडून झोपाळू आवाज आला. त्यांनी नावही सांगितलं. मी लिहून घेते आहे तोच म्हणाले, "पण वहिनी, हा नको."

"का?"

"शेवटी ती पोर जगत नाही. सासूबाई जाग्या आहेत ना अजून? नका दाखवू."

मी कागद चुरगळला. सासूबाई माझ्याकडेच बघत होत्या.

"काय म्हणाले अण्णा? काय झालं तिचं?"

"सगळं चांगलं झालं. लग्नबिग्न झालं मुलीचं."

"मी म्हणतच होते," असं म्हणून त्या पाय चोळत उठल्या.

फोन अजून चालू होता. "बरं वहिनी, ती दोन नंबरची सीडी सापडली का हो कुठे?"

गॅलरीत वाऱ्यानं सुतळीवरची एक सीडी गर्रकन फिरली. वर अक्षरं उरलेली नव्हती, कबुतरांनी काम चोख केलं होतं.

"नाही हो, अण्णा," मी म्हटलं. "शोधतोय."