दशांश संख्यांची तुलना: एकच टॉलरन्स सगळीकडे लावू नका

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फिरतो: "दशांश संख्या कॉम्प्युटरमध्ये अंदाजेच साठतात, म्हणून त्यांची तुलना == ने (दोन किमती तंतोतंत समान आहेत का, हे पाहणाऱ्या चिन्हाने) कधीच करू नका. फरक ०.००००००००१ पेक्षा कमी असला की समान धरा. नाहीतर डेसिमल टाइप (संख्या दशमान पद्धतीतच साठवणारा प्रकार) वापरा, प्रश्न मिटला." यातला ०.००००००००१ म्हणजे टॉलरन्स, चालवून घ्यायचा फरक. दुखणं खरं आहे: ०.१ + ०.२ ची तुलना ०.३ शी केली की उत्तर 'नाही' असं येतं. पण या औषधाने प्रोग्रॅम गुपचूप चुकतात, आणि त्या चुका शोधणं जास्त अवघड जातं.

"अंदाजेच साठतात." नाही. कॉम्प्युटरमधल्या दशांश आकडेमोडीच्या १९८५ च्या आयईईई ७५४ मानकानुसार डबलमधली (दशांश संख्या साठवायच्या नेहमीच्या प्रकारातली) प्रत्येक सांत, म्हणजे अनंत नसलेली, संख्या नेमकी असते: एक पूर्णांक गुणिले दोनाचा घात. ०.१ त्या साच्यात बसत नाही, एवढंच. १/३ दशांशात संपत नाही, तसा १/१० बायनरीत संपत नाही. म्हणून सर्वांत जवळची संख्या ठेवली जाते, ती ०.१ पेक्षा अगदी किंचित मोठी असते. ०.५, ०.७५ आणि ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंतचे सगळे पूर्णांक मात्र तंतोतंत बसतात.

"== कधीच नको." शून्यापासून सुरुवात करा आणि दर वेळी ०.१ ची भर घाला. तिसऱ्या बेरजेला ०.३०००००००००००००००४ येतं, चौथीला मात्र बरोबर ०.४, आणि दहाव्या बेरजेला ०.९९९९९९९९९९९९९९९९. म्हणजे १.० ला थांबणारा लूप थांबतच नाही. इथे == चूकच. पण साठवलेली किंमत बदलली का, किंवा भागाकाराआधी छेद शून्य आहे का, हे पाहायला == च हवं. तिथे टॉलरन्स घातला तर वैध लहान संख्याही शून्य ठरतात.

"फरक ०.००००००००१ पेक्षा कमी म्हणजे समान." माझा खरा आक्षेप इथे आहे. डबलमधल्या शेजारच्या दोन संख्यांमधलं अंतर संख्येबरोबर वाढतं. ८३,८८,६०८ पासून पुढे ते या टॉलरन्सहून मोठं होतं. मग फरक शून्य असला तरच तपासणी पास होते, म्हणजे मागच्या दाराने == च आलं. उलट टोकाला, किलोग्रॅममध्ये लिहिलेली इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉनची वस्तुमानं घ्या. प्रोटॉन सुमारे १,८३६ पट जड, तरी हा नियम दोघांना समान म्हणतो! भाषेने दिलेला मशीन एप्सिलॉन वापरूनही सुटका नाही. तो १ च्या लगतचं अंतर सांगतो, २ पासून पुढे तोही निकामी.

म्हणून फरक संख्यांच्या आकाराच्या प्रमाणात मोजायचा. पायथॉनचं इजक्लोज फंक्शन हेच करतं. पण शून्याजवळ हे प्रमाणही फसतं: १ − ०.९ − ०.१ चं उत्तर शून्य येत नाही, एक इवलीशी ऋण संख्या येते, आणि शून्याशी तुलना केली तर कोणतीही छोटी संख्या शंभर टक्के वेगळी ठरते. तिथे प्रमाणाच्या जोडीला एक निश्चित मर्यादाही द्यावी लागते. इजक्लोजमध्ये ती मुळात शून्य असते, तुम्हालाच भरावी लागते. शक्य असेल तर वजाबाकी करून शून्याशी ताडण्यापेक्षा १ − ०.९ आणि ०.१ यांचीच थेट तुलना करावी. मर्यादा किती, हे मोजमाप किती अचूक आहे आणि आकडेमोड किती लांब आहे यावरून ठरवायचं, नेटवरून उचलायचं नाही.

आणखी एक, जे फार कमी जण सांगतात: अ आणि ब जवळ, ब आणि क जवळ, तरी अ आणि क लांब असू शकतात. त्यामुळे अशी तुलना सॉर्टिंगमध्ये किंवा गट पाडताना वापरली की निकाल क्रमावर अवलंबून राहतो.

"डेसिमल वापरा." पैशांसाठी जरूर. पण पायथॉनच्या डेसिमलमध्ये १ ला ३ ने भागून पुन्हा ३ ने गुणा: १ येत नाही, ओळीने २८ नऊ येतात.