‘शेवट बदला, चेक तयार’ म्हणणाऱ्यांसाठी

चेक प्रजासत्ताकात, म्हणजे प्राग, ब्र्नो किंवा म्लादा बोलेस्लाव्हला निघालेल्या आपल्याकडच्या मुलांना एक सल्ला हमखास मिळतो. चेक भाषेला घाबरू नका, कामकाजाचे निम्मे शब्द तुम्हाला येतातच. इंग्रजी शब्दाचा शेवट बदला, चेक शब्द तयार. सोबत तक्ता असतो: प्लॅन म्हणजे प्लान, टर्म म्हणजे तेर्मीन, ॲक्च्युअल म्हणजे अक्तुआल्नी, इव्हेंच्युअली म्हणजे एवेन्तुआल्न्ये, कंट्रोल म्हणजे कोन्त्रोला. आणि खाली खुलासा. हे शब्द इंग्रजीतून आले, म्हणून अर्थही तेच. भविष्यकाळ हवा असेल तर क्रियापदाआधी ‘बुदु’ लावा. ‘पूल’ म्हणजे अर्धा, तेव्हा घड्याळातही अडणार नाही. आणि एवढंही जमलं नाही तरी बिघडत नाही, ऑफिसात सगळे इंग्रजीच बोलतात.

चाकणच्या किंवा शेंद्र्याच्या स्कोडा कारखान्यामुळे ज्यांचा चेक माणसांशी रोजचा संबंध येतो, तेही हा तक्ता एकमेकांना पाठवतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘इंग्रजीतून आले’ हे आधी मोडीत काढू. यातले बहुतेक शब्द मुळात लॅटिन. चेकमध्ये ते आले मुख्यतः जर्मन आणि फ्रेंचच्या वाटेने. 1918 पर्यंत बोहेमिया आणि मोराव्हियाचा, म्हणजे आजच्या चेक मुलखाचा, कारभार ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाहून चालायचा आणि सरकारदरबारी जर्मनचा दबदबा होता. त्यामुळे तेर्मीनचा अर्थ इंग्रजी टर्मशी जुळवून उपयोग नाही, तो जर्मन तेर्मीनशी जुळतो: ठरलेली तारीख. माल कधी द्यायचा, परीक्षा कधी, काम कधी पुरं करायचं, ते सगळे तेर्मीन. आणि प्लान? चेकोस्लोव्हाकियात 1947-48 ची द्विवार्षिक योजना झाली, 1949 ते 1953 पहिली पंचवार्षिक. तिला म्हणायचे प्येत्यिलेत्का. आपली पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली 1951 मध्ये. साठी-सत्तरीच्या चेक माणसाने उमेदीच्या वयात ऐकलेला ‘प्लान’ हा सरकारने कारखान्याला लावून दिलेला आकडा होता. कॉर्पोरेट इंग्रजीचा सुळसुळाट झाला तो 1989 मध्ये कम्युनिस्ट राजवट गेल्यानंतर. शिवाय ‘प्लान म्येस्ता’ म्हणजे शहराचा नकाशा, विकास आराखडा नव्हे. आराखड्याला वेगळा शब्द आहे, ऊझेम्नी प्लान.

आता अर्थ. इथे खरं नुकसान होतं, म्हणून एकच उदाहरण जवळून पाहू. प्रकल्पाच्या कुठल्याही एक्सेलमध्ये दोन रकाने असतात, प्लॅन आणि ॲक्च्युअल: किती ठरलं होतं आणि किती झालं. चेकमध्ये या रकान्यांची नावं प्लान आणि स्कुतेच्नोस्त. स्कुतेच्नोस्त म्हणजे वस्तुस्थिती, प्रत्यक्षात जे घडलं ते. तक्त्याच्या भरवशावर तुम्ही दुसऱ्या रकान्याला ‘अक्तुआल्नी’ असं नाव दिलंत, तर चेक माणूस ते ‘सध्याचा, ताजा’ असं वाचणार. त्याला वाटणार हा सुधारित प्लॅन आहे. म्हणजे तुम्ही झालेलं काम लिहिलंय आणि तो ते नवं आश्वासन म्हणून वाचतोय. दोघंही खूश, महिनाअखेरीपर्यंत.

एवेन्तुआल्न्येची गंमत याहून वाईट. इंग्रजीत इव्हेंच्युअली म्हणजे उशिरा का होईना, पण होणार. चेकमध्ये एवेन्तुआल्न्ये म्हणजे वेळ पडलीच तर, किंवा तसंही करता येईल. समोरचा म्हणतो की एवेन्तुआल्न्ये पुढच्या आठवड्यावर ढकलू, तेव्हा तो फक्त एक पर्याय सुचवतोय. तुम्ही ‘अखेर ढकललं’ असं ऐकता आणि टीमला सुट्टी देऊन मोकळे होता. कोन्त्रोला म्हणजे तपासणी; ट्रामचं तिकीट बघतात तीही कोन्त्रोलाच. बांधकामाच्या साइटवर ‘कोन्त्रोल्नी देन’ असतो. काम कुठवर आलं ते बघायला मालक, ठेकेदार आणि देखरेख करणारे ठरलेल्या दिवशी जमतात, ती बैठक. ‘कंट्रोल डे’ म्हणून याचा अर्थ कुणाला लागेल?

तक्त्यात शेड्यूल हा शब्द नसतोच, हेही लक्षात घ्या. सोयीस्करपणे गाळलेला असतो, कारण त्याला चेकमध्ये एक जोडीदार नाही. शाळेच्या तासांचं रोझ्व्र्ख, आगगाडीचं यीज्द्नी र्झाद, प्रकल्पाचं हार्मोनोग्राम, ड्यूटी कुणाची कधी याचं रोस्पिस. मीटिंगचंही तेच. कामाची बैठक पोरादा, संस्थेची रीतसर सभा स्खूझे, दोघांची ठरवून भेट स्खूस्का. ‘मीतिंक’ शब्दही आहे, पण पेपरात तो दिसतो राजकीय सभेला किंवा धावण्याच्या स्पर्धांना.

‘बुदु लावा की भविष्यकाळ’ हा दावा मात्र तक्त्यातल्या सगळ्या चुकांपेक्षा महाग पडतो.

चेक क्रियापदं बहुतेक जोडीने येतात. एक रूप काम चालू असल्याचं, दुसरं काम पुरं होण्याचं. करणं यासाठी द्येलात आणि उद्येलात अशी जोडी आहे. ‘बुदु’ फक्त पहिल्याला लागतं. दुसऱ्याचं वर्तमानासारखं दिसणारं रूपच भविष्याचा अर्थ देतं, त्याला बुदु लावणं व्याकरणात बसत नाही. आता शुक्रवार घ्या. ‘दो पात्कु’ म्हणजे शुक्रवारपर्यंत. इंग्रजीत याला दोन शब्द आहेत, बाय आणि टिल. चेकमध्ये एकच ‘दो’. मग फरक कळतो कशावरून? क्रियापदावरून. ‘उद्येलाम तो दो पात्कु’ म्हणजे शुक्रवारपर्यंत करून टाकतो. ‘बुदु तो द्येलात दो पात्कु’ म्हणजे शुक्रवारपर्यंत करत राहीन. पुरं होईल असं कुणी म्हटलेलं नाही.

आणि मराठी माणसाला यात अवघड काय आहे? आपलं ‘पर्यंत’ही दोन्हीकडे चालतं, आणि आपणही फरक क्रियापदातच करतो. ‘करत बसेन’ आणि ‘करून टाकीन’ यातला फरक आपल्याकडे लहान पोरालाही कळतो. जोडी अगदी तंतोतंत जुळते असं नाही, ‘टाकीन’मध्ये थोडी झटकून टाकायची छटा आहे, ती चेकमध्ये नाही. पण इंग्रजीतून ‘आय विल डू’ असं मनात म्हणून चेक बनवायला गेलात की प्रत्येक वेळी बुदुच सुचणार आणि साहेबाला दर सोमवारी तुम्ही ‘करत राहीन’ असं सांगणार. मराठीतून गेलात तर वाट निम्म्याने कमी.

घड्याळाचंही तसंच. पूल म्हणजे अर्धा हे खरं, पण कशाचा अर्धा? ‘पूल त्र्शेती’ म्हणजे तिसऱ्याचा अर्धा, म्हणजे अडीच. साडेतीन नाही. ब्रिटनमध्ये ‘हाफ थ्री’ म्हणतात ते साडेतीनला, त्यामुळे इंग्रजीवर विसंबलेला माणूस बरोबर एक तास उशिरा पोचतो. आता आपला अडीच हा शब्द बघा, तो आला संस्कृत ‘अर्धतृतीय’ यावरून. तिसरा अर्धा! दीड हा शब्दही त्याच पठडीतला, दुसरा अर्धा. चेकमध्ये दीड वाजता म्हणजे ‘पूल द्रुहे’, तेही दुसऱ्याचा अर्धाच. आपण ही रीत दोन शब्दांपुरती ठेवली आणि पुढे साडेतीन-साडेचारवर आलो. चेक लोक बारापर्यंत तशीच चालवतात. पाव-सव्वा मात्र सांभाळा. ‘च्त्व्र्त ना त्र्शि’ यात पाव आणि तीन ऐकू आले म्हणून पावणेतीन किंवा सव्वातीन समजू नका. तिसऱ्या तासाकडे पाव वाटचाल झाली, म्हणजे सव्वादोन. पावणेतीनला ‘त्र्शि च्त्व्र्त्ये ना त्र्शि’, तीन चतुर्थांश. छापील वेळापत्रकात 14.30 असं चोवीस ताशी लिहितात, तिथे काळजी नाही; घोळ होतो तो बोलण्यात.

महिन्यांची नावंही जानेवारी-फेब्रुवारीच्या घरातली नाहीत, हे त्या तक्त्यात कुणी सांगत नाही. जून म्हणजे चेर्वेन आणि जुलै म्हणजे चेर्वेनेत्स. फोनवर तारीख ठरवताना आकड्यात विचारून घ्या, सहावा की सातवा. आणि आपण ‘पंधरा दिवसांनी भेटू’ म्हणतो तिथे ते म्हणतात ‘चौदा दिवसांनी’. वार तोच असतो, हिशेब त्यांचा चोख आहे.

उरलं ‘ऑफिसात सगळे इंग्रजीच बोलतात’. बहुराष्ट्रीय कंपन्यांत हे बऱ्याच अंशी खरं आहे, वाद नाही. पण चेक माणसाच्या इंग्रजीत चेक अर्थ शिरलेले असतात, जसे आपल्या इंग्रजीत मराठी. ‘प्लीज सेंड मी द ॲक्च्युअल प्लॅन टिल फ्रायडे’ अशी मेल आली तर त्याला हवाय सगळ्यात ताजा प्लॅन, आणि तोही शुक्रवारच्या आत. ॲक्च्युअलमागे अक्तुआल्नी आहे, टिलमागे ‘दो’. चेकचा एक शब्दही न बोलता चेक समजून घ्यावीच लागते ती अशी.

ऑफिसाबाहेर तर इंग्रजीचा आधार पटकन सुटतो. कायम वास्तव्याचा परवाना हवा असेल तर सप्टेंबर 2021 पासून चेकची ए-2 पातळीची (भाषेच्या युरोपीय मोजपट्टीवर खालून दुसरी पायरी) परीक्षा द्यावी लागते, पूर्वी ए-1 पुरायची. रोजच्या कामाला त्या तक्त्याऐवजी दोन क्रियापदं जास्त उपयोगी पडतील. एक ‘स्त्यीहात’, वेळेत जमणं. कामाखाली दबलेल्या चेक माणसाच्या तोंडी ‘नेस्त्यीहाम’ हा एकच शब्द असतो: होत नाहीये, वेळ पुरत नाहीये. दुसरं ‘ओब्येद्नात से’. ओब्येद्नात म्हणजे हॉटेलात जेवण मागवणं, पण ‘से’ जोडलं की डॉक्टरकडे किंवा केस कापायला नंबर लावणं. दवाखान्याच्या खिडकीतून “ओब्येद्नानी?” असा प्रश्न आला तर तुम्ही काय मागवलंय हे कुणी विचारत नाहीये. नंबर लावला होता का, एवढंच विचारताहेत.