एम.एस्सी. नर्सिंग जरूर करा, पण वॉर्ड सोडण्यासाठी का?

"ताई, एम.एस्सी. करू का?" अ‍ॅडमिशनचे दिवस आले की हा मेसेज येतोच. माझं उत्तर ठरलेलं, कर. मग लगेच पुढचा प्रश्न, "म्हणजे नंतर वॉर्ड सुटेल ना?" इथे माझं डोकं फिरतं.

मोह कळतो मला. नाइट नाही, सणासुदीला ड्यूटी नाही, पाय सुजणं नाही. मुलींना दोष देण्यात अर्थ नाही. मास्टर्स करून पेशंटजवळच थांबणाऱ्या सिस्टरसाठी बहुतेक ठिकाणी ना वेगळं पद, ना वेगळा पगार. मग ती शिकवायला किंवा ऑफिसात जाणारच. हातची अनुभवी सिस्टर गेली की वॉर्डात नव्या मुलींना बघायला कोण उरतं?

बेडसोरचंच घ्या, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहून होणारी जखम. माकडहाडावर लाली दिसली की बोटाने दाबायचं. जागा क्षणभर पांढरी पडली तर ठीक, लालच राहिली तर जखमेची सुरुवात. (सावळ्या कातडीवर हे नीट दिसत नाही, तिथे आजूबाजूच्या जागेपेक्षा गरम किंवा कडक लागतंय का ते हाताने चाचपावं लागतं.) दर दोन तासांनी कूस बदला, हे पहिल्या वर्षाची मुलगीही सांगेल. पण दोनच तास का? नॅन्सी बर्गस्ट्रॉम या नर्स-संशोधिकेने हे तपासलं. अमेरिका आणि कॅनडातल्या २७ नर्सिंग होममध्ये, चांगल्या फोमच्या गाद्यांवरच्या वृद्धांची कूस दोन, तीन आणि चार तासांनी बदलून पाहिली. २०१३ मध्ये निष्कर्ष आला: जखमांच्या प्रमाणात लक्षणीय फरक नाही. म्हणून उद्यापासून आयसीयूत चार तास करू नका, ते पेशंट वेगळे! पण अंगवळणी पडलेल्या नियमाला ‘का’ विचारून ते मोजून बघायची ही सवय मास्टर्सने लावायला हवी. आणि असा प्रश्न पडायला आधी हाताने कूस बदललेली असावी लागते.

शिकलेली नर्स पेशंटजवळ राहू शकते, हे काही स्वप्नरंजन नाही. १९६५ मध्ये कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. आज अशा नर्सेस कित्येक देशांत स्वतः पेशंट तपासतात, औषधं लिहून देतात. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदही या कामासाठी किमान मास्टर्स असावं असं म्हणते.

आपले थिसिस मात्र बघवत नाहीत. प्रश्नावली वाटा, तासभर शिकवा, तीच प्रश्नावली पुन्हा वाटा. मार्क वाढले! अहो, शिकवल्यावर मार्क वाढणारच, त्याला दोन वर्षं कशाला?

करणार असशील तर विषय स्वतःच्या वॉर्डातून उचल. ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला देतो त्या हँडओव्हरमध्ये नेमकी कुठली माहिती गळते? सक्शनआधी, म्हणजे श्वासाच्या ट्यूबमधला कफ ओढून काढण्याआधी, तिच्यात सलाइन सोडायची सवय अजून का जात नाही? आणि पहाटे चार वाजता, नुकता डोळा लागलेल्या पेशंटला स्पंजिंगसाठी (अंग पुसायला) आपण उठवतो ते त्याच्या सोयीने की आपल्या?