कारंजं आधी बंद पडतं, बाग नंतर पाडतात

पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

शे-दोनशे वर्षांची इमारत पाडायची म्हटली की निदान चार लोक तरी आवाज उठवतात. 1950 ते 1980 च्या दरम्यान घडवलेली एखादी आधुनिक बाग उखडली, तर ते कुणाच्या खिजगणतीतही नसतं. ती कुणीतरी डोकं चालवून रचलेली आहे हेच आपल्याला जाणवत नाही. दिल्लीच्या लोधी गार्डनचंच घ्या. तिथले घुमट सय्यद-लोदी काळातले, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यांच्या भोवतीची बाग 1968 साली जोसेफ स्टाइन आणि गॅरेट एक्बो या आर्किटेक्टांनी नव्याने आखली, हे किती जणांना ठाऊक आहे? चांगल्या लँडस्केपची, म्हणजे मोकळ्या जागेच्या आखणीची, हीच पंचाईत. जमून आलं की वाटतं, हे इथे पहिल्यापासून असंच असणार.

त्या पिढीच्या लँडस्केप आर्किटेक्टांनी फुलांचे ताटवे बाजूला सारले. जमिनीच्या पातळ्या, पाणी, काँक्रीट आणि दोन झाडांमधलं अंतर, एवढ्यावर बाग उभी करायची असा त्यांचा हट्ट. त्याचा कळस बघायचा तर अमेरिकेतल्या पोर्टलंडचं केलर फाउंटन. लँडस्केप आर्किटेक्ट लॉरेन्स हालप्रिन यांच्या ऑफिसातल्या अँजेला डनाडजिएव्हा यांनी आखलेलं हे कारंजं 1970 मध्ये सुरू झालं. काँक्रीटच्या चौकोनी कड्यांवरून मिनिटाला जवळपास 49 हजार लिटर पाणी कोसळतं. लोक त्यात उतरतात, भिजतात, कडेला पाय सोडून बसतात. गाड्यांचा आवाज पाण्याखाली दबून जातो. आता हेच पाणी बंद केलं असं समजा. उरतो तो राखाडी काँक्रीटचा रिकामा हौद.

खरी गोम इथेच आहे. अशा बागेला कुणी थेट बुलडोझर लावत नाही. आधी पंप बिघडतो. दुरुस्तीचं पुढच्या वर्षी बघू, म्हणतात. कोरड्या हौदात पालापाचोळा आणि प्लास्टिक साठतं, गेलेले दिवे तसेच राहतात, छाटणी नसल्याने आतलं बाहेरून दिसेनासं होतं. लोक यायचे थांबतात. मग अहवाल येतो: जागा असुरक्षित, वापर नाही, डिझाइन कालबाह्य. ज्यांनी वर्षानुवर्षं देखभाल केली नाही तेच डिझाइनला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात, आणि लगोलग सुशोभीकरणाचं टेंडर निघतं.

हालप्रिन यांचंच डेन्व्हरचं स्कायलाइन पार्क बघा. रहदारीपासून सुटका व्हावी म्हणून त्यांनी ते मुद्दाम रस्त्याच्या पातळीखाली नेलं होतं. पुढे तोच खोलगटपणा धोक्याचा ठरला आणि 2003 मध्ये जवळपास सगळं पार्क पाडलं. हालप्रिन तेव्हा हयात होते.

यात वयाचाही एक सापळा आहे. अमेरिकेत राष्ट्रीय वारसा नोंदणीसाठी साधारणपणे 50 वर्षं पूर्ण व्हावी लागतात, असामान्य महत्त्व असेल तरच त्याआधी नोंद होते. म्हणजे जुनी दिसायला लागलेली, पण वारसा म्हणण्याइतकी जुनी न झालेली बाग सगळ्यात आधी बळी जाते. मिनियापोलिसचा पीव्ही प्लाझा यातून थोडक्यात वाचला. पॉल फ्रीडबर्ग यांनी 1975 मध्ये घडवलेला हा पायऱ्या-पायऱ्यांचा, मधोमध पाण्याचा चौक 2012 मध्ये पाडायचं ठरलंच होतं. संवर्धनवाल्यांनी कोर्टात धाव घेतली, 2013 च्या सुरुवातीला राष्ट्रीय नोंदणी झाली, त्याच वर्षी तडजोड झाली आणि 2019 मध्ये चौक दुरुस्त होऊन पुन्हा उघडला. पाडण्याच्या बाजूने एक मुद्दा होता की व्हीलचेअरवरच्या माणसाला खाली जाता येत नाही. मुद्दा अगदी रास्त होता. पण त्याला उत्तर म्हणून रॅम्प पुरला.

म्हणूनच 'जसंच्या तसं ठेवा' असा आग्रह मला पटत नाही. बाग म्हणजे संग्रहालयातलं कपाट नव्हे, आणि त्या काळातलं सगळंच थोर होतं असंही नाही. सावलीचा पत्ता नसलेले रखरखीत चौकही तेव्हा भरपूर झाले, त्यांच्यासाठी मी रडणार नाही. पण काय बदलायचं हे ठरवण्याआधी ते कशासाठी केलं होतं, ते तरी समजून घ्या. डेट्रॉइटच्या लाफायेट पार्क वस्तीत पार्किंग जमिनीपेक्षा थोडं खाली आहे. का? तर घरातून बघणाऱ्याला गाड्यांऐवजी हिरवळ आणि झाडं दिसावीत. उद्या कुणी सोयीसाठी ती जागा भरून सपाट केली, तर कागदावर एकही झाड कमी होणार नाही आणि तरीही तिथली बाग रचणाऱ्या आल्फ्रेड काल्डवेल यांनी आखलेला तो सगळा खेळ संपेल.

छोट्या गोष्टी तर हिशेबातच नसतात. डच आर्किटेक्ट आल्डो व्हान आइक यांनी 1947 पासून ॲमस्टरडॅममध्ये 700 हून अधिक खेळाची मैदानं आखली. काँक्रीटचा वाळूचा हौद, त्याला रुंद, बुटका काठ, शेजारी कोलांट्या मारायला दांड्या. त्या काठावर पोरं वाळूचे साचे मांडणार, मोठी माणसं टेकणार. मूळ रूपात त्यातली मोजकीच उरली आहेत. बाकीच्या ठिकाणी काय गेलं? म्हटलं तर एक काठ.

दुरुस्तीतही बागेचा जीव जातो. शटरिंगच्या (ओतकामाच्या साच्याच्या) फळ्यांचे ठसे उमटलेल्या काँक्रीटवर गुळगुळीत गिलावा मारून वरून रंग फासला की ती भिंत वाचली असं कागदावर लिहिता येतं. एकदम लावलेली झाडं म्हातारीही एकदमच होतात. त्यांच्या जागी त्याच ओळीत, त्याच अंतरावर नवी लावायची, की मिळतील ती रोपं मिळेल तिथे, यावर पुढची 50 वर्षं ठरतात.

तेव्हा ओळखीच्या एखाद्या बागेच्या नूतनीकरणाची नोटीस लागली तर रंगीत संकल्पचित्रं बघण्याआधी दोन गोष्टी मागा: मूळ नकाशे आणि गेल्या दहा वर्षांत देखभालीवर वर्षाला किती खर्च झाला त्याचा तपशील. नकाशे सापडत नाहीत म्हणाले तर ज्या आर्किटेक्टने बाग आखली त्यांच्या ऑफिसात किंवा घरच्यांकडे विचारा. तिथे पुष्कळदा मिळतात.