बारा-शून्यचा फॉरवर्ड आणि तालमीतली लढत

आठवडाभर आमच्या पेठेतल्या प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘२००४ ला ग्वाल्हेरच्या सरावात अमेरिकेची नव्वद टक्के विमानं आपण पाडली. २०१५ ला इंग्लंडात घुसून बारा-शून्यनं हरवलं. वेल्सच्या डोंगरात सगळ्या जगाला मागं टाकून सुवर्ण आणलं. औलीच्या थंडीत अमेरिकन गारठले. जो आपल्याबरोबर सराव करतो, तो आपल्यावर चालून यायची हिंमत करत नाही. जगात भारी! नाद करायचा नाय.’

पाठवणाऱ्यांत माझे दोन मामेभाऊ आहेत, त्यामुळं गप्प बसणं सोयीचं होतं. पण कोल्हापूरच्या माणसानं तरी दोन देशांच्या सैन्यांच्या संयुक्त सरावाला कुस्तीचं मैदान समजू नये. निकाल खासबागेत लागतो, तालमीत नाही. तालमीत वस्ताद सांगतो, ‘आज पट काढायचा नाही, फक्त ढाक लाव.’ एखाद्याचा दम बघायचा असला की त्याच्यावर एकामागून एक चार ताजे गडी सोडतात. तो चौथ्याखाली चीत झाला म्हणून संध्याकाळी गंगावेशीत कुणी पेढे वाटत नाही.

आता ग्वाल्हेर. सरावाचं नाव ‘कोप इंडिया’, महिना फेब्रुवारी २००४. अलास्काच्या एल्मेंडॉर्फ तळावरून अमेरिकेची एफ-१५सी विमानं आली होती. बऱ्याच लढतींत चार एफ-१५ च्या समोर आपली दहा-बारा विमानं. पाहुण्यांच्या मदतीला अवॅक्स, म्हणजे लांबवर टेहळणी करणारं उडतं रडार, नाही, लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवर सरावाच्या नियमांचं बंधन. म्हणजे ताजे गडी सोडलेलेच होते. आणि तो नव्वद टक्क्यांचा आकडा आला कुठून? अमेरिकी काँग्रेसच्या एका सदस्यानं तो सुनावणीत सांगितला, आणि त्या दिवसांत त्यांच्या हवाई दलाला महागड्या एफ-२२ लढाऊ विमानांसाठी पैसे मंजूर करून घ्यायचे होते. ‘आम्ही हरलो’ म्हणण्यात ज्यांचा फायदा, त्यांचाच आकडा आपण मिरवतोय.

तरी ग्वाल्हेर पोकळ नव्हतं, आणि मला राग याचाच येतो की मेसेजमध्ये नेमकं तेच नाही. भारतीय वैमानिक जुन्या सोव्हिएत वळणानं, जमिनीवरच्या नियंत्रकाच्या हुकमावर उडतील, अशी पाहुण्यांची अटकळ होती. आपल्या पोरांनी रोज डाव बदलले. सुखोई, मिराज, मिग अशी निरनिराळ्या जातीची विमानं एकाच फळीत मिसळून टाकली. मिग-२१ बायसन म्हणजे जुन्या सांगाड्यात नवं रडार आणि वैमानिकाच्या हेल्मेटवरची नेमयंत्रणा. तिनं तर त्यांना चांगलंच चकित केलं. समोरच्याला आपण कमी लेखलं होतं, हे अमेरिकी अधिकाऱ्यांनी नंतर उघड कबूल केलं. ही कमाई नव्वद टक्क्यांपेक्षा मोठी आहे.

बारा-शून्यचं प्रकरण थोडं गमतीचं. जुलै २०१५, ब्रिटनचा कॉनिंग्सबी तळ, सराव ‘इंद्रधनुष’. आकडा आपल्या हवाई दलाच्या एका अधिकाऱ्यानं मुलाखतीत सांगितला, तो फक्त नजरेच्या टप्प्यातल्या जवळच्या झुंजींचा. ब्रिटिशांनी तो मानलाच नाही. मोठ्या तुकड्यांच्या, नजरेपलीकडच्या लढती इतक्या एकतर्फी नव्हत्या आणि त्यांत आपलीही एक-दोन विमानं ‘पडली’, हे त्याच अधिकाऱ्यानं त्याच मुलाखतीत सांगितलं होतं. फॉरवर्ड करणाऱ्यानं अर्धी मुलाखत कापली.

आणि २००८ चा ‘रेड फ्लॅग’ हा हवाई सराव मेसेजमध्ये का नाही? अमेरिकेतल्या नेलिस तळावर आपली आठ सुखोई-३० एमकेआय गेली होती. नंतर एका अमेरिकी कर्नलच्या भाषणाचा व्हिडिओ बाहेर फुटला. त्यात त्यानं सुखोईच्या उणिवा काढल्या आणि भारतीयांनी आपल्याच बाजूची बरीच विमानं ‘पाडली’ असंही म्हटलं. त्यातल्या पुष्कळ गोष्टी आपल्याकडून खोडल्या गेल्या. सुखोईची रडारं मुद्दाम प्रशिक्षणाच्या पद्धतीत ठेवली होती, असंही सांगितलं गेलं. पण मित्र कोण, शत्रू कोण हे पडद्यावर आपोआप दाखवणारा सामाईक डेटालिंक तिथं आपल्याकडं नव्हता, हे खरं. विमान उत्तम, वैमानिक उत्तम, पण शेजाऱ्याच्या यंत्राशी बोलता येत नाही, ही गोष्ट सराव उघडी पाडतो. त्यावर वाट काढणारा, संपर्क यंत्रणांचा ‘कॉमकासा’ करार अमेरिकेबरोबर २०१८ मध्ये झाला.

वेल्सचं सुवर्ण खरंच आहे. ‘केंब्रियन पॅट्रोल’ या लष्करी गस्तीच्या चाचणीत २०२१ साली आपल्या गोरखा रायफल्सच्या तुकडीनं ते मिळवलं. पाठीवर ओझं घेऊन दोन दिवसांत साठेक किलोमीटर, सोपं काम नाही. पण तिथं पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरावीक टक्के गुण ओलांडले की सुवर्ण, दहावीच्या विशेष प्रावीण्यासारखं. ते एका वेळी अनेकांना मिळतं.

उत्तराखंडातल्या औलीत गारठले म्हणे! नोव्हेंबर २०२२ च्या ‘युद्ध अभ्यास’ या भारत-अमेरिका सरावासाठी आलेली अमेरिकी तुकडी अकराव्या एअरबोर्न डिव्हिजनची होती आणि हे डिव्हिजन राहतं अलास्कात. थंडीचं कौतुक त्यांना सांगायला नको. प्रश्न असतो तो विरळ हवेचा. तिथं टप्प्याटप्प्यानं शरीर मुरवणं, वाटा वाचणं, बर्फाचा कडा कधी सुटेल हे ओळखणं, यात आपलं सैन्य खरोखर मुरलेलं आहे. गुलमर्गची उच्च पर्वतीय युद्धशाळा १९४८ पासून हेच शिकवते. अमेरिकनांची ताकद दुसरीकडं: रात्री दिसणारी साधनं, जखमीला झटपट हलवणं, रसद.

आमच्या गल्लीतले एक निवृत्त सुभेदार मात्र वेगळ्याच गोष्टीकडं बोट दाखवतात. नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर ही आपली मधली फळी अमेरिकी पायदळात नाही. तिथं सार्जंटच्या हाती बरेच निर्णय असतात. आपल्याकडं तरुण अधिकारी पुढं आणि पाठीशी वीस-पंचवीस वर्षं चाकरी झालेला सुभेदार. ‘कुठली रीत चांगली?’ मी विचारलं. ते म्हणाले, ‘अधिकारी पडल्यावर कळतं.’ मग चहा संपवून उठले.

राहता राहिलं ते ‘सराव करणारा चालून येत नाही’. चीनबरोबरच्या सरावाचं नाव होतं ‘हँड इन हँड’. २००८ मध्ये तो इथून जवळच, बेळगावात झाला. २०१६ मध्ये पुण्याच्या औंधला. डिसेंबर २०१९ मध्ये मेघालयातल्या उमरोईला. त्यानंतर सहा महिन्यांनी, १५ जून २०२० च्या रात्री, गलवानमध्ये चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले वीस जवान गेले. मेसेजमध्ये या सरावाचं नावच नाही.